११६.८ प्रूफची बर्बन नुसती जळते का खरंच चांगली आहे, कसं ओळखायचं?

होटगीरोडकर

मंडळी एक प्रश्न आहे, हसू नका. आमचे दाजी अमेरिकेत असतात, जानेवारीत आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला आले होते तेव्हा माझ्यासाठी एक बाटली घेऊन आले, वाइल्ड टर्की रेअर ब्रीड नावाची बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की. लेबलवर ११६.८ प्रूफ आणि खाली बारक्या अक्षरात ५८.४ टक्के. जाताना म्हणाले, "नीट पी, कोल्ड्रिंक घालून वाटोळं करू नको." तेव्हापासनं बाटली कपाटावर पडून होती.

परवाच्या शनिवारी आम्ही चौघं गच्चीवर बसलो. चौघंही आपले साधे लोक, महिन्यातनं एक दोनदा इथलीच व्हिस्की सोडा घालून घेणारे. सोबत कडक भाकरी, शेंगा चटणी, मिरचीची भजी. चहाचे काचेचे ग्लास काढले, प्रत्येकी तीस ओतली, पाणी नाही बर्फ नाही, दाजींचा शब्द पाळायचा म्हणून. पहिल्याच घोटाला नाकातनं वाफ, डोळ्यात पाणी, एक जण तर ठसका लागून पाच मिनिटं कठड्याला धरून उभा होता, तो म्हणाला दवाखान्यात सुई टोचायच्या आधी कापसानं लावतात ते आहे हे. दुसरा म्हणाला येड्या हीच खरी, जेवढी जळती तेवढी वरिजनल. तिसऱ्यानं गुपचूप थम्सअप ओतलं आणि म्हणाला आता कसं मस्त लागूलालंय. मला खरं सांगायचं तर काहीच कळलं नाही, जळलं एवढंच कळलं. फक्त घोट गेल्यावर थोड्या वेळानं जिभेच्या मागच्या बाजूला कायतरी गोडसर राहिलं होतं, सकाळी बेकरीवरनं जाताना येतं तसं, आणि तेवढ्यासाठीच हा प्रश्न विचारूलालो.

एक, आपल्या बाटल्यांवर ७५ प्रूफ किंवा २५ यू.पी. लिहिलेलं असायचं, मग ही दीडपट कडक का? दोन, एवढ्या कडक दारूत चांगलं वाईट ओळखायचं कसं? साडेसातशेतली सहाशेच्या वर शिल्लक आहे, वाया घालवायची नाही.

सात_रस्ता

एप्रिलमध्ये कपाटावर ठेवलास? का बे. आमच्या कपाटावरचं खोबरेल तेल थंडीतले पंधरा दिवस सोडले तर कधी गोठलेलं मी बघितलं नाही आणि तू तिथं दाजींची बाटली ठेवतोस. आणि लहानपणी मला २५ यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेशातनं आलेला माल वाटायचा, हे आज कबूल करून टाकतो. परवाना काढलाय ना पण? बाकी ज्ञानी लोक येतीलच, मी चकणा घेऊन बसूलालो.

माळवदावरचा

आधी प्रूफचा घोळ मिटवू कारण ह्या एका शब्दापायी लोक उगीच भांडत बसतात. प्रूफ दोन प्रकारचं आहे, इंग्रजांचं वेगळं आणि अमेरिकेचं वेगळं. इंग्रजांची गोष्ट अशी सांगतात की ते बंदुकीच्या दारूवर प्यायची दारू ओतून पेटवून बघायचे, पेटली तर माल पास, तेच प्रूफ. (आपल्या भाषेत दोन्हीला दारूच म्हणतात त्यामुळं ही गोष्ट मराठीत सांगायला जास्त मजा येते.) पुढं ते मोजमाप पक्कं झालं तेव्हा १०० प्रूफ म्हणजे ५७.१५ टक्के अल्कोहोल असं ठरलं. आपण त्यांचंच उचललं. यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ, शंभराला पंचवीस कमी म्हणजे ७५, आणि ५७.१५ चे ७५ टक्के केले की ४२.८ येतात, जे आपल्या बहुतेक व्हिस्कीच्या बाटल्यांवर असतं. अमेरिकेनं भानगड ठेवली नाही, टक्के गुणिले दोन झालं प्रूफ. म्हणून ५८.४ चे ११६.८. तुझी बाटली आपल्या मापानं मोजली तर १०२ प्रूफच्या आसपास भरेल. म्हणजे दीडपट नाही, साधारण १.३६ पट. पण त्याचा अर्थ तुमचा प्रत्येकी तीसचा पेग म्हणजे आपल्या हिशोबानं ४१ मिली होता, तोही सोड्याशिवाय, कोरा, एप्रिलच्या रात्री. ठसका लागणार नाही तर काय.

आता ही एवढी कडक का असते. बर्बन म्हटलं की कायद्यानं काही गोष्टी ठरलेल्या आहेत, अमेरिकेतच बनली पाहिजे, धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे, आणि पिंप ओकच्या लाकडाचं, कोरं, आतनं जाळलेलं पाहिजे. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. वाइल्ड टर्कीवाले ५७.५ लाच भरतात. बहुतेक साध्या बाटल्या नंतर पाणी घालून ४० किंवा ४५ ला आणतात, ही मात्र पिंपातनं निघाली तशीच भरलेली, म्हणून ५८.४. ह्यांचं पिंप जाळायचं प्रमाणपण सगळ्यात खोल, आतलं लाकूड मगरीच्या पाठीसारखं तडकेपर्यंत आग लावतात. रंग, गोडवा, व्हॅनिला सगळं तिथनं येतं, कारण वरनं रंग किंवा फ्लेवर घालायला बर्बनमध्ये परवानगीच नाही.

प्यायची कशी ते सांगतो. चहाचा ग्लास बाद. त्याचं तोंड वर पसरट असतं, वास सगळा उडून जातो आणि उरतो तो झणका. तोंडाशी निमुळता ग्लास पाहिजे, ट्यूलिपच्या आकाराचा टेस्टिंगचा ग्लास नसला तर छोटा वाइनचा ग्लास घे. गच्चीवर बसू नको, वारा वास घेऊन जातो. खोलीत बस. पंधरा-वीस मिली ओत आणि दहा मिनिटं हात लावू नको. मग ग्लास हनुवटीपाशी आण, तोंड थोडं उघडं ठेवून हळूच श्वास घे, मग ओठापाशी, मग नाकापाशी. पहिल्यांदाच नाक आत खुपसलं की नाक बधिर होतं आणि पुढची वीस मिनिटं तू फक्त स्पिरिट स्पिरिट म्हणत बसशील, तुझ्या मित्राचं तेच झालं. पहिला घोट म्हणजे घोट नाहीच, चमचाभरसुद्धा नाही, जीभ ओली करायची फक्त. त्या घोटावरनं मत द्यायचं नाही, तोंडाला सवय लावायला तो. खरी चव दुसऱ्या तिसऱ्यापासनं.

आणि पाणी घाल. दाजींना मी समजावतो. पण ग्लास उचलून नळाखाली धरायचं नाही, मोजून घालायचं. तीस मिलीत ५ मिली घातलं की ही ५० टक्क्याला येते, ९ घातलं की ४५ ला, ११ घातलं की आपल्या ओळखीच्या ४२.८ ला. पोरांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर जे माप येतं त्यावर ५ मिलीची खूण असते, नाहीतर बिनसुईची सिरिंज आण दहा रुपयाची. पाणी सीलबंद बाटलीचं. आमच्याकडं चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याला क्लोरीन मारतं आणि बोअरचं तर इतकं जड की ग्लासवरच पांढरे डाग राहतात, ते ह्यात गेलं तर चवीचा कार्यक्रमच.

केमिस्ट्रीवाली

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि कधीमधी एखादा पेगही घेते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा हक्क आहे असं समजते.

तुमच्या शनिवारच्या मैफिलीत खरा गुन्हेगार बर्बन नाही, शेंगा चटणी आहे. जिभेवर आणि घशात उष्णता ओळखणारे रिसेप्टर असतात, त्यातल्या एकाचं नाव टीआरपीव्ही१. साधारण ४२ अंशांच्या वर काही लागलं की तो मेंदूला "भाजतंय" असा निरोप पाठवतो. ४२ म्हणजे आपली एप्रिलमधली दुपार, म्हणून आकडा लक्षात ठेवायला सोपा. मिरचीतलं कॅप्सेसिन हाच रिसेप्टर फसवून चालू करतं. अल्कोहोलची गंमत वेगळी आहे, ते त्या रिसेप्टरची मर्यादाच खाली आणतं, ४२ वरून साधारण ३४ पर्यंत. आता तुमच्या तोंडाचं तापमान ३६-३७ आहे. म्हणजे काहीही गरम नसताना स्वतःचंच तोंड स्वतःला भाजतं. त्यावर आधीच लाल तिखटाची चटणी आणि मिरचीची भजी. एकाच बटणावर दोघांनी बोट ठेवलं आणि शिव्या मात्र एकट्या अमेरिकेला बसल्या. पुढच्या वेळी सोबत साधी भाकरी, बिनमिठाच्या उकडलेल्या शेंगा किंवा फार तर खारे काजू घ्या. चटणी शेवटी जेवताना खा, ती कुठं पळून जात नाही.

म्हणून "जळतं" हा शेरा मी बाजूलाच ठेवते. ते व्हिस्कीबद्दल फारसं सांगत नाही, टक्केवारीबद्दल सांगतं, आणि टक्केवारी लेबलवर छापलेली आहेच.

तुम्हाला बेकरी आठवली हे मात्र अगदी बरोबर पकडलंत. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, बेकरीतल्या इसेन्समध्ये असतं तेच. पिंप जाळल्यावर लाकडातली साखर करपून कॅरॅमलसारखी होते. ओकमध्ये लॅक्टोन नावाची संयुगं असतात, त्यांचा वास खोबऱ्याकडे जातो. आणि गोडसर लागलं म्हणून त्यात साखर आहे असं समजू नका. उर्ध्वपातनात साखर वर येत नाही आणि नंतर घालायला कायदा परवानगी देत नाही. गोडवा नाकाचा आहे, जिभेचा कमी.

एक प्रयोग सुचवते, माझ्या नवऱ्यावर करून झालाय. एका ताटात छोट्या वाट्या मांडा. काकवी, भाजलेलं सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, व्हॅनिला इसेन्सचे दोन थेंब, संत्र्याची साल, भाजलेल्या शेंगा आणि सुताराकडचा मूठभर ताजा भुसा. एकेक हुंगायचं आणि लगेच ग्लास हुंगायचा. आपल्याला वास येत नाही असं नसतं, येतो पण नाव सापडत नाही. शेजारी वाटी असली की सापडतं. आमच्याकडे "काहीच नाही, दारूचा वास" म्हणणारे गृहस्थ वीस मिनिटांत लवंगेवर भांडायला लागले.

पाण्याच्या बाबतीत वरच्यांशी सहमत. २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघांनी संगणकावर हे मांडून दाखवलं होतं. ग्वायाकॉल नावाचा एक धुरकट वासाचा रेणू आहे, अल्कोहोल जास्त असलं की ते त्याला घेरून आत धरून ठेवतं, पाणी घातल्यावर तो पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाजवळ. त्यांनी ते स्कॉच डोळ्यासमोर ठेवून केलं होतं, पण मुद्दा इथेही लागू पडतो.

विजापूर_वेस

पाणीवाल्यांना माझा जाहीर विरोध नोंदवून घ्या. मॅडमचं चटणीचं म्हणणं एकशे एक टक्के मान्य, पण ज्यांनी पिंपातनं निघाली तशी भरली त्यांनी काय वेडेपणा केला का. १९८८ मध्ये जिम बीम बर्बनवाल्यांच्या घराण्यातल्या बुकर नो ह्या माणसानं बुकर्स नावाची बर्बन काढली ती ह्याच विचारानं, पाणी नाही, गाळणी नाही. अशा बर्बनची मजा चवीपेक्षा जास्त तिच्या अंगात असते, तोंडात तेलासारखी पसरते, जिभेला चिकटते, पाणी घातलं की पहिला तोच गुण जातो. (बुकर्स मिळाली तर नक्की बघा, भाजलेल्या शेंगांचा वास बऱ्याच जणांना येतो त्यात, सोलापूरकराला तर अर्ध्या सेकंदात ओळखू येईल.)

पण "जळती म्हणजे वरिजनल" म्हणणाऱ्या मित्राला पण सांगा, तोही चुकतोय. मी स्वतः आकड्याच्या नादात फसलेला माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाटली फक्त ६५ टक्क्यांच्या वर आहे म्हणून जास्तीचे पैसे मोजून घेतली, नाव घेत नाही, आणि काय सांगू, शाळेत पेन्सिल चावायचो ना तसं. कडू, कोरडं लाकूड, गालाच्या आतनं कातडं ओढल्यासारखं, गोडवा शोधून सापडेना. जास्त वर्षं पिंपात राहिली की असं होतं कधी कधी. दुसऱ्या टोकाला कोवळा माल असला की नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास मारतो. हे दोन दोष मी आधी बघतो, ते नसले तर मग तीन गोष्टी. वासात जे आलं ते तोंडात येतंय का, मधल्या वेळात चव बदलते का एकच सूर लावून बसते, आणि गिळल्यावर किती वेळ टिकते. शेवटचं घड्याळ लावून बघा. जळजळ पंधरा-वीस सेकंदात बसते, त्यानंतर जे उरतं ती खरी दारू. होटगीरोडकर, तुला जे गोड लागलं ना ते बरोबर तिथं होतं.

जाता जाता, एवढ्या कडक मालाची सवय इथल्या इथं करायची असेल तर बंगळूरची अमृत कास्क स्ट्रेंथ आहे, ६१.८ टक्के. ती बर्बन नाही, जवाची सिंगल माल्ट, पण तिथल्या हवेत पिंपातनं दरवर्षी इतकं उडून जातं की थोड्या वर्षांतच लाकूड गडद उतरतं. आपल्याकडची नेहमीची व्हिस्की बरीचशी मळीच्या स्पिरिटवर असते, आणि आपल्या जिल्ह्यात कारखान्यावरनं गाडी गेली तरी मळीचा वास डोक्यात बसतो, म्हणून धान्याची दारू पहिल्यांदा परकी लागते. बर्बनवरची कस्टम ड्यूटी फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरनं १०० टक्क्यांवर आणली खरी, पण दुकानातला भाव बघून मला अजून दाजीच परवडतात.

माळवदावरचा

विजापूर वेस, भांडण नको, दोन्ही करून बघू दे त्याला. एक कोरा, एक पाण्याचा, कुठला कोणता हे न सांगता. आणि होटगीरोडकर, बाटली आधी कपाटावरनं उतरव. उभी ठेव, आडवी नको, एवढं अल्कोहोल बुचाला सतत लागलं तर बूच सडतं. अंधारात, जमिनीजवळ, ज्वारीच्या कोठीमागं वगैरे. फ्रिज नको, थंड झाली की वास दबतो.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार, काल रात्री केलं एकदाचं. सविस्तर लिहूलालो, लांबलं तर माफ करा.

आतल्या खोलीत बसलो. कूलर चालू होता तर त्याच्या ओल्या गवताचाच वास सगळीकडं, म्हणून तो बंद केला आणि नुसत्या पंख्याखाली घाम पुसत बसलो. शेजारून मागून एकूण बारा वाइनचे ग्लास जमवले, तीन वेगवेगळ्या आकाराचे, चालवून घेतलं. बायकोला स्वयंपाकघरात बसवलं सिरिंज देऊन. प्रत्येकाला तीन ग्लास, पंधरा पंधरा मिलीचे, एक कोरा, एकात अडीच मिली पाणी, एकात साडेचार. ओळख पटावी म्हणून तिनं ग्लासच्या दांडीला लाल, पांढरं, हिरवं सूत बांधलं, घरात चादरीच्या कारखान्यातल्या सुताच्या कांड्या पडलेल्या असतातच. कुठला रंग कशाचा ते फक्त तिला माहीत. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं ताट मांडलं होतं, फक्त भुशाच्या जागी पोराच्या पेन्सिलीला टोक करून निघालेला कचरा ठेवला, सुतारानं विचारलं कशाला पाहिजे तर मला उत्तर सुचलं नाही.

दहा मिनिटं हात न लावता बसणं हे सगळ्यात अवघड गेलं, चौघंही ग्लासकडं बघत गप्प, बायको दारातनं म्हणाली कुणी गेलंय का.

लाल सुतात मला आधी काकवी लागली, मग भाजलेलं खोबरं, आणि तोंडात खरंच दाट होती, विजापूर वेस म्हणतात ते तेलासारखं काय ते कळलं. पांढऱ्यात लवंग आणि संत्र्याची साल एकदम पुढं आली, पहिल्या ग्लासात ह्यातलं काही नव्हतं, म्हणजे असेल पण दबलेलं. हिरवी प्यायला सोपी पण थोडी पातळ, शेवटी पेन्सिलीचा वास. उघडून बघितलं तर लाल कोरी, पांढरी अडीचवाली, हिरवी साडेचारवाली. आता मजा बघा. दवाखान्याचं स्पिरिट म्हणणाऱ्यानं पांढरी निवडली आणि परत मागितली. "जळती म्हणजे वरिजनल" वाला छातीवर हात मारून म्हणाला हिरवी कोरी आहे, मला कळतं. त्याला अजून आम्ही चिडवूलालोय. थम्सअपवाल्यानं तिन्ही चाखल्या, छान आहे म्हणाला, आणि उरलेल्या तिन्ही एकत्र करून थम्सअप ओतलं. त्याचं काही होऊ शकत नाही.

घड्याळ पण लावलं. माझ्या पांढऱ्या ग्लासाची चव दीड मिनिट झालं तरी होती, शेवटी शेवटी दालचिनीसारखी. दाजींना फोन केला तर म्हणाले ते राईमुळं, ह्यांच्या धान्यात मका साधारण ७५ टक्के आणि राई १३. मी म्हटलं मोहरी कशाला घालतात, तर पाच मिनिटं हसत होते. राई म्हणजे गव्हासारखं एक धान्य आहे म्हणे, तुम्ही पण कुणी सांगितलं नाहीत.

तर माझं मत झालं, माल चांगला आहे, कडू नाही, नेलपॉलिश नाही, वासात आलं ते तोंडात आलं. पण दर शनिवारची दारू नाही ही, महिन्यातनं एकदा, पंधरा मिली, अडीच मिली पाणी. गाड्या सगळ्यांच्या आमच्याच दारात राहिल्या, सकाळी येऊन घेऊन गेले.

एक राहिलं. ग्लास रात्री तसेच ओट्यावर राहिले होते. सकाळी आई उठली, एक ग्लास उचलून हुंगला आणि मला विचारलं, ह्यात काकवी कुणी घेतली होती रात्री, आणि मुंग्या कशा काय लागल्या नाहीत?

केमिस्ट्रीवाली

मुंग्यांना पैकीच्या पैकी मार्क.

सात_रस्ता

कोठीमागं ठेवलीस ना आता? नाही, सहज विचारूलालो.